विकलेल्या दुकानाचा दावा

२०२४ च्या फेब्रुवारीतला शनिवार. सकाळी साडेआठला काकूंचा फोन आला. "अगं, यांनी कुठल्याशा कागदावर सही करून पाठवलीये आणि दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. जरा येऊन बघशील का?"

मी न्यू जर्सीत छोट्या धंद्यांची हिशेबाची आणि टॅक्सची कामं करते. काका-काकूंचं भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडपासून वीसेक मिनिटांवर किराणा आणि फराळाचं दुकान होतं, तेव्हा त्यांच्या वह्या माझ्याकडे असत. दुकान विकून नऊ वर्षं होत आली होती. त्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून दुकानाचे तपशील आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत. व्हिसा-मास्टरकार्डवर व्यापाऱ्यांनी लावलेल्या ज्या खटल्यातून हे उद्भवलं, त्याच्या तारखा आणि आकडे मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

जेवणाच्या टेबलावर दोन कागद होते. पहिला, खटल्याच्या तडजोडीतले दावे हाताळणाऱ्या एपिक या दावा-प्रशासकाकडून डिसेंबरात आलेला फॉर्म. वर दुकानाच्या एलएलसीचं (मर्यादित दायित्वाच्या कंपनीचं) नाव, खाली दावेदार क्रमांक आणि कंट्रोल क्रमांक. काकांनी तो जाहिरात समजून किराणा कुपनांच्या गठ्ठ्यात सारला होता. दुसरा कागद एका खासगी कंपनीचा, जाड, रंगीत, वर ठळक अक्षरांत 'व्हिसा-मास्टरकार्ड तडजोड : तुमचे पैसे वाट पाहत आहेत'. काकांनी याच्याच एका प्रतीवर सही करून पाठवली होती. चौथ्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मिळेल त्या रकमेतले २५ टक्के कंपनीचे, आणि काकांच्या वतीने दावा भरायचा, पत्रव्यवहार करायचा, रक्कम स्वीकारायचा अधिकारही कंपनीला.

"मला वाटलं, हाच फॉर्म," काका म्हणाले. "तो पहिला किती साधा दिसत होता."

त्यांची चूक मला समजू शकते. खरा कागद कोरडा आणि करड्या रंगाचा, आणि पंचवीस टक्के मागणारा कागद आपुलकीने बोलणारा. भाषा कच्ची असलेल्या, पोस्टातल्या प्रत्येक सरकारी दिसणाऱ्या लखोट्याला घाबरणाऱ्या दुकानदाराने कोणता निवडावा?

पैसे कसले, हे आधी समजावं लागलं

दोघांनी नऊ वर्षं कार्डं स्वाइप केली, पण त्या स्वाइपमधून नक्की कोणाला काय जात होतं हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. दर महिन्याच्या स्टेटमेंटवर तीस-चाळीस ओळी असायच्या आणि तळाशी एक वजा रक्कम. काकू ती रक्कम वहीत 'मशीनचा खर्च' म्हणून लिहायच्या. वीज, भाडं, मशीनचा खर्च.

मी त्यांना शंभर डॉलरच्या वाणसामानाचा हिशेब मांडून दाखवला. गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्ड दिलं की दुकानदाराच्या खात्यात शंभर येत नाहीत, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या आसपास येतात. जे कापलं जातं त्याचे तीन वाटे. मशीन आणि खातं देणाऱ्या प्रोसेसरचा एक, व्हिसा किंवा मास्टरकार्डचा स्वतःचा एक लहानसा, आणि सगळ्यात मोठा वाटा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेचा. या मोठ्या वाट्याला इंटरचेंज म्हणतात. तो बँकेला मिळतो, पण त्याचा दर ठरतो व्हिसा-मास्टरकार्डच्या तक्त्यावर. एखादी बँक 'आम्ही कमी घेऊ, आमचं कार्ड घ्या' असं दुकानदाराला सांगत नाही. सगळ्या बँकांना तोच तक्ता. शिवाय एका बँकेचं व्हिसा क्रेडिट कार्ड घेतलं की सगळ्या बँकांची घ्यावी लागतात, पॉइंट्स देणारी महागडी कार्डंसुद्धा. आणि गिऱ्हाइकाला स्वस्त मार्गाकडे वळवायला तेव्हा नियमांनी हात बांधलेले होते.

हे ऐकताना काकूंना एकदम एक पाटी आठवली. दुकान उघडल्यावर त्यांनी गल्ल्याशेजारी पुठ्ठ्यावर लिहून लावलं होतं, दहा डॉलरच्या आत कार्ड नाही. दोन डॉलरच्या कोथिंबिरीवर कार्ड घासलं की हातात काय राहणार? प्रोसेसरच्या माणसाने २००८ मध्ये येऊन ती काढायला लावली, नियमात बसत नाही म्हणाला. त्याचं खरं होतं. कार्ड कंपन्यांच्या नियमांत अशी किमान रक्कम ठेवायला मनाई होती. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने क्रेडिट कार्डासाठी दहा डॉलरपर्यंत किमान रक्कम ठेवायची मुभा दिली. त्याच कायद्यातल्या डर्बिन दुरुस्तीमुळे ऑक्टोबर २०११ पासून मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डावरच्या इंटरचेंजला २१ सेंट अधिक ०.०५ टक्के अशी मर्यादा आली. क्रेडिट कार्डाला मात्र मर्यादा आली नाही.

"म्हणजे पाटी काढायला लावली तेव्हा मी चुकले नव्हते," काकू म्हणाल्या.

नव्हत्याच. खटला साधारण त्याच तक्रारीवर उभा होता.

खटल्याचा प्रवास, थोडक्यात

२००५ मध्ये काही व्यापाऱ्यांनी व्हिसा, मास्टरकार्ड आणि मोठ्या बँकांवर स्पर्धाविरोधी वर्तनाचे दावे लावले. देशभरचे असे दावे एकत्र करून ब्रुकलिनच्या संघीय न्यायालयात आले. हा वर्ग-दावा होता, म्हणजे काही जणांनी सगळ्या व्यापाऱ्यांच्या 'वर्गा'च्या वतीने लढायचं, आणि ज्याला त्यात राहायचं नाही त्याने तसं कळवून बाहेर पडायचं. २०१२ मध्ये पहिली तडजोड जाहीर झाली, सुमारे ७.२५ अब्ज डॉलरची. न्यायाधीश जॉन ग्लीसन यांनी ती डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर केली. अनेक बड्या साखळी दुकानांनी बाहेर पडायचं ठरवल्यामुळे रक्कम ५.७ अब्जांवर आली होती.

३० जून २०१६ ला अपील न्यायालयाने ती मोडली. एकाच वकिलांच्या गटाने दोन वर्गांचं प्रतिनिधित्व केलं होतं. एका वर्गाला झालेल्या नुकसानीचे पैसे मिळणार होते. दुसऱ्या वर्गाला फक्त नियमांतला बदल मिळणार होता, आणि त्या वर्गातून बाहेर पडायची सोयही नव्हती. पुढे उघडणाऱ्या दुकानांचासुद्धा दाव्याचा हक्क त्यात संपत होता. न्यायाधीश पिएर लेव्हाल यांनी आपल्या स्वतंत्र मतात लिहिलं की ही तडजोड नव्हे, ही जप्ती आहे. छोट्या दुकानदाराच्या बाजूने इतकं सरळ वाक्य न्यायालयाच्या कागदावर मी क्वचितच वाचलं आहे.

मग फक्त नुकसानभरपाईच्या वर्गासाठी सप्टेंबर २०१८ मध्ये नवी तडजोड झाली. ज्यांनी बाहेर पडायचं ठरवलं त्यांच्यापोटी ७० कोटी डॉलर प्रतिवादींकडे परत गेले आणि उरले साधारण ५.५४ अब्ज. न्यायाधीश मार्गो ब्रॉडी यांनी डिसेंबर २०१९ मध्ये मंजुरी दिली, आणि अपील न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ती कायम केली. १ जानेवारी २००४ ते २५ जानेवारी २०१९ या काळात अमेरिकेत कधीही व्हिसा किंवा मास्टरकार्ड स्वीकारलेला कोणताही धंदा यात येतो. किराणा, मोटेल, दातांचा दवाखाना, नृत्याचा क्लास, काहीही. धंदा आज चालू असण्याची अट नाही.

बाहेर पडायची मुदत २३ जुलै २०१९ ला संपली होती. ज्याने त्या आधी लिहून कळवलं नाही, तो वर्गात राहिला. त्याचा स्वतंत्र खटला भरायचा हक्क गेला, मग त्याने फॉर्म भरो वा न भरो. म्हणजे काकांनी तो करडा कागद कुपनांबरोबर टाकून दिला असता, तर त्यांचा हक्कही गेला असता आणि पैसेही.

एक दुकान, दोन नंबर

मी पोर्टलवर काकांचा दावेदार क्रमांक घातला. स्क्रीनवर एलएलसीचा कर क्रमांक आणि त्याच्यासमोर अंदाजे भरलेलं इंटरचेंज आलं, १६,८४० डॉलर. काका खुर्चीतून उठलेच.

त्यांना परत बसवावं लागलं. हा आकडा मिळणाऱ्या रकमेचा नसतो. हे आपल्या वाट्याचं वजन. सगळ्या दावेदारांची वजनं एका पारड्यात, आणि तडजोडीतून वकिलांचं मानधन व खर्च जाऊन उरलेली रक्कम त्या प्रमाणात वाटायची. दावे जितके जास्त, तितका प्रत्येकाच्या डॉलरमागचा वाटा कमी. "हातात काय येईल ते मी सांगू शकत नाही आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका," असं मी त्यांना म्हटलं. रंगीत कागदावर नेमका तसा भरघोस अंदाज छापलेला होता.

पण मला खटकलं ते दुसरंच. एलएलसी झाली मे २००९ मध्ये. दुकान उघडलं होतं मार्च २००६ मध्ये. मधली तीन वर्षं कुठे होती?

सुरुवातीला काकांनी दुकान स्वतःच्या नावावर चालवलं, सोशल सिक्युरिटी नंबरावर, वैयक्तिक टॅक्स रिटर्नला धंद्याचं शेड्यूल सी जोडून. एलएलसी झाल्यावर नवा कर क्रमांक आला, प्रोसेसरने नवं खातं उघडलं, मशीनही नवं आलं. त्यांच्या दृष्टीने दुकान एकच, तीच दारावरची घंटा, तेच पीठ, तीच भाजणी. न्यायालयाच्या नोंदीत मात्र दोन वेगळे व्यापारी. फॉर्म आला होता तो फक्त दुसऱ्याला. पहिल्याच्या नावाचं पत्र बहुधा त्यांच्या २००६ च्या भाड्याच्या घरी गेलं असणार, किंवा कुठेच नाही.

माझ्या अनुभवात आपल्या लोकांचे सर्वाधिक पैसे इथेच अडकतात. आधी स्वतःच्या नावावर, मग भावाबरोबर भागीदारी, मग एलएलसी, मग दुसऱ्या गावात दुसरी एलएलसी. दर वेळी वेगळा क्रमांक. 'फॉर्म आला, भरला, झालं' म्हणणाऱ्याचं एकाच क्रमांकापुरतं होतं.

पोर्टलवर जास्तीचा कर क्रमांक नोंदवता येत होता. आम्ही काकांचा वैयक्तिक नंबर जोडला. व्हिसा-मास्टरकार्डकडच्या माहितीवरून प्रशासक स्वतः अंदाज काढतो, त्यामुळे प्रत्येक पावती द्यावी लागत नाही. तरी तो नंबर आणि ते दुकान एकच, हे विचारलं तर दाखवता यायला हवं, म्हणून कागद शोधायला बसलो.

काकूंनी तळघरातून बेडेकर मसाल्याचा एक खोका आणला. त्यात २००६ ते २००८ च्या कार्डाच्या पावत्या होत्या, रबरबँड लावून, महिन्यांच्या चिठ्ठ्यांसकट. रोज रात्री दुकान बंद करताना मशीनवर बॅच बंद करायची, फोनच्या तारेवरून ते किरकिरत जोडलं जायचं, मग दिवसाच्या बेरजेची लांब पट्टी बाहेर यायची. काकूंनी त्यातली एकही टाकली नव्हती. मी पहिला गठ्ठा सोडला. पट्ट्या कोऱ्या होत्या. थर्मल कागदावरची शाई तळघराच्या उबेत आणि वर्षांत उडून गेली होती. उजेडाकडे धरलं की कुठेतरी 'एकूण' या शब्दाची पिवळसर सावली दिसायची, पुढे आकडा नाही. काकू तीन-चार गठ्ठे सोडून बघत राहिल्या, आणि मग काही न बोलता सगळे पुन्हा बांधले.

कामाला आलं ते खोक्याच्या तळाशी होतं. प्रोसेसरची मासिक स्टेटमेंटं, साध्या कागदावर छापलेली, मर्चंट क्रमांक आणि काकांचं नाव स्पष्ट. चौदा महिन्यांची होती, सलग नव्हती. त्यांच्या जोडीला माझ्याकडच्या टॅक्स रिटर्नच्या प्रती आणि बँकेच्या स्टेटमेंटवरच्या रोजच्या कार्ड-जमेच्या ओळी. त्यावरून मी हिशेब मांडला. त्या तीन वर्षांत साधारण ४,२०० डॉलर इंटरचेंज गेलं असावं.

हा हिशेब करताना १०९९-के या फॉर्मचा मोह टाळायला हवा. २०११ च्या वर्षापासून कार्ड प्रोसेसर प्रत्येक दुकानदाराच्या वर्षभराच्या कार्ड-विक्रीचा एकूण आकडा या फॉर्मवर आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याला, कळवतात, त्यामुळे तो नीट, छापील आणि महिनेवार असतो. पण त्यात अमेरिकन एक्स्प्रेस आणि डिस्कव्हरही मिसळलेली असू शकतात, आणि ही तडजोड फक्त व्हिसा-मास्टरकार्डची. तो आकडा उचलून दावा फुगवला, तर खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव देणाऱ्या ओळीखाली आपण चुकीची सही करतो.

पंचवीस टक्क्यांचा कागद

यात मला राग आला, आणि तो लिहायला मला संकोच नाही.

दावा भरायला एक पैसा लागत नव्हता. कोणत्याही मध्यस्थाची गरज नाही आणि प्रशासक व वर्गाचे वकील फुकट मदत करतात, ही सूचना न्यायालयाच्या आदेशानुसार व्यापाऱ्यांना स्पष्ट द्यायची होती. काकांकडच्या कागदावरही ती होती, शेवटच्या पानाच्या तळाशी, फिकट अक्षरांत.

आता तुलना करा. ज्या वकिलांच्या तीन मोठ्या कार्यालयांनी, रॉबिन्स कॅप्लन, बर्जर माँटेग्यू आणि रॉबिन्स गेलर यांनी, २००५ पासून हा खटला चालवला, त्यांना न्यायालयाने सुमारे ५२.३ कोटी डॉलर मानधन दिलं. तडजोडीच्या तुलनेत ते साधारण ९.३ टक्के होतं. आणि छापील क्रमांक संकेतस्थळावर टाकून एक सही करायच्या कामाला काकांकडून २५ टक्के.

ज्यांची शंभर दुकानं आहेत, पंधरा वर्षांत चाळीस क्रमांक झाले आहेत, त्यांनी पैसे देऊन हे काम कोणाकडे सोपवलं तर मी नावं ठेवणार नाही. त्या कामाला खरोखर माणसं लागतात. दोन क्रमांकांच्या दुकानाला लागत नाहीत.

मी आधी प्रशासकाच्या फुकट क्रमांकावर फोन लावला. अठरा मिनिटं थांबल्यावर एक बाई बोलल्या, शांतपणे. काकांच्या क्रमांकावर अजून कोणी दावा भरलेला नव्हता. मग कंपनीला रजिस्टर्ड पत्र पाठवलं. सही करताना हे काम फुकट होतं हे समजलं नव्हतं, तुम्ही अजून काहीही केलेलं नाही, अधिकारपत्र आम्ही रद्द करत आहोत, आमच्या वतीने काही भरू नका. काकांनी ते पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं, माझ्या मसुद्यावरून, कारण त्यांना ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं होतं. तीन आठवड्यांनी कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं, करार संपवला म्हणून. त्यांनी आधीच दावा भरला असता तर इतकं सोपं गेलं नसतं.

दोन महिन्यांचा प्रश्न

आकडे जुळवताना एक गोष्ट मला एप्रिलमध्ये दिसली, आणि ती काकांना सांगावी की नाही असा क्षणभर विचार मनात आला. दुकानाची विक्री ३० जून २०१५ ला झाली. एलएलसीच्या नोंदीत मात्र जुलै आणि ऑगस्ट २०१५ चे व्यवहारही होते.

काकांना लगेच आठवलं. नव्या मालकाचं मर्चंट खातं मंजूर व्हायला वेळ लागला होता. दुकान बंद ठेवायचं नाही म्हणून काकांनी आपलं मशीन दोन महिने वापरू दिलं. जमा काकांच्या खात्यात यायची, ते दर सोमवारी चेक लिहून नव्या मालकाला द्यायचे, फी वजा करून. आपल्या लोकांत हे सर्रास चालतं. प्रोसेसरच्या करारात मात्र ते बसत नाही, आणि मी तसं आता कोणालाही करू देत नाही.

तर त्या दोन महिन्यांत कार्ड 'स्वीकारलं' कोणी? यंत्रावर नाव काकांचं. माल नव्या मालकाचा, फीसुद्धा शेवटी त्याच्याच खिशातून. हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर या खटल्यात पेट्रोल पंपांच्या बाबतीत आला होता. पाटी तेलकंपनीची, कार्डाचा व्यवहार तेलकंपनीच्या यंत्रणेतून, आणि फीचा भार पंपमालकावर. मग व्यापारी कोण? पंपवाल्यांनी यावर अपील केलं. २०२३ च्या निकालात तडजोड कायम राहिली आणि हा वाद दाव्यांच्या टप्प्यावर सोडवायचा राहिला.

आमच्याकडे रक्कम होती साधारण ४८० डॉलर इंटरचेंज, म्हणजे हातात येणारे पैसे त्याहून कितीतरी कमी. मी म्हटलं, नव्या मालकाला विचारू. काका म्हणाले, "विचारायचं काय? ते त्याचे आहेत." त्यांनी तिथेच फोन लावला. नव्या मालकालाही त्याचा फॉर्म आला होता, आणि त्याला ते दोन महिने आठवतही नव्हते.

विक्रीचा करार काढून पाहिला. माल, फर्निचर, दुकानाचं नाव आणि भाडेकरार विकले होते. विक्रीच्या तारखेआधीचं येणं आणि दावे विकणाऱ्याकडेच राहतील असं एक कलम होतं. या एका कलमावर पुष्कळ ठरतं. एलएलसी अख्खी विकली असती तर तिचा कर क्रमांक तिच्याबरोबर गेला असता, आणि जुना दावाही बहुधा नव्या मालकाच्या पदरात. काकांनी फक्त मालमत्ता विकली होती, क्रमांक त्यांच्याकडेच राहिला. ३० जूनपर्यंतचं सगळं त्यांचं, हे पक्कं झालं. जुलै-ऑगस्टबद्दल आम्ही दाव्यासोबत खुलाशाचं पत्र जोडलं. हे व्यवहार आमच्या क्रमांकावर दिसत असले तरी माल आणि फी दुसऱ्याची होती, ते आमच्या हिशेबात धरू नयेत. नव्या मालकाने आपल्या दाव्यात तेच लिहिलं, दोघांच्या सह्यांचं एक पान दोन्हीकडे.

बंद झालेल्या कंपनीच्या नावाचा चेक

आणखी एक अडचण. एलएलसी २०१६ मध्ये रीतसर बंद झाली, तिचं बँक खातंही. पैसे एलएलसीच्या नावाने आले तर भरायचे कुठे? शिवाय काका-काकू आता वर्षातले पाच महिने पुण्यात, कोथरूडला असतात. त्या काळात न्यू जर्सीच्या पत्त्यावर आलेला चेक पेटीत पडून राहील, आणि डॉलरचा चेक पुण्यात वटवायचा म्हणजे वेगळीच दगदग. एलएलसी बंद केल्याचं राज्याचं प्रमाणपत्र आणि ते एकटेच सभासद होते हे दाखवणारं शेवटचं रिटर्न आम्ही जोडून दिलं, पत्ता मुलीचा दिला, आणि जिथे पर्याय होता तिथे थेट खात्यात जमा निवडलं. टॅक्सचंही सांगून ठेवलं. ती फी त्या वर्षी खर्च म्हणून वजा केलेली होती, तेव्हा परत येणारे पैसे उत्पन्नात धरावे लागतील.

मार्चच्या शेवटी मध्येच एक गोंधळ झाला. बातम्यांत व्हिसा-मास्टरकार्डची ३० अब्जांची नवी तडजोड आली आणि काकांना वाटलं, आपला आकडा पाचपटीहून जास्त झाला. ते वेगळं प्रकरण होतं, नियम आणि पुढच्या दरांबद्दलचं, त्यात जुन्या नुकसानीचे पैसे नव्हते. न्यायाधीश ब्रॉडी यांनी ते जून २०२४ मध्ये नामंजूरही केलं.

पुण्यातल्या पुतण्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं की आपल्याकडे असं का होत नाही. त्याचं सदाशिव पेठेत स्टेशनरीचं दुकान आहे, गल्ल्यावर क्यूआरचा स्टँड. भारतात हा प्रश्न न्यायालयातून न जाता वरून आदेशाने हाताळला गेला. जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट आणि यूपीआयवर दुकानदाराकडून एमडीआर (व्यवहारावरची फी) घेता येत नाही. क्रेडिट कार्डावर मात्र त्याचीही फी कापली जाते, आणि ती किती ते त्याला पाठ नव्हतं. काकूंनी त्याला ताबडतोब स्टेटमेंट काढून बघायला सांगितलं.

दावा १८ मे २०२४ ला भरला, दोन्ही क्रमांकांसकट. मुदत तेव्हा ३१ मे होती. ती पुढे ३० ऑगस्ट आणि नंतर ४ फेब्रुवारी २०२५ पर्यंत वाढली. पोचपावतीचा क्रमांक काकूंनी दुकानाच्या जुन्या रोजमेळाच्या शेवटच्या पानावर लिहिला, जिथे जून २०१५ नंतर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मुदत वाढल्याचा फायदा त्यांनी दुसऱ्यांसाठी करून घेतला. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला काकांनी पाच जुन्या दुकानदारांना गाठलं. तिघांनी फॉर्म फेकून दिला होता. एक बाई ब्लाउज शिवून देण्याचं छोटं दुकान चालवायच्या, २०१२ मध्ये बंद केलेलं. त्यांना फॉर्म आलाच नव्हता, आणि आपल्या 'एवढ्याशा' धंद्याचं यात काही असेल हेच त्यांना खरं वाटेना. त्यांच्याकडे स्टेटमेंट नव्हती, पावत्या नव्हत्या. एक १०९९-के होता, २०११ चा, ग्रीनकार्डाच्या फाइलमध्ये जपून ठेवलेला, सरकारी दिसतो म्हणून. त्यावर त्यांचा नंबर होता, प्रोसेसरचं नाव होतं. २ फेब्रुवारीला, रविवारी दुपारी, काकूंच्या त्याच टेबलावर आम्ही तो नंबर नोंदवला. बाईंनी सही करण्याआधी प्रत्येक ओळ मला मराठीत वाचून दाखवायला लावली, आणि कुठे टक्केवारी लिहिली आहे का, ते दोनदा विचारलं.